कवळीवाला आणि मडगार्डचा नट

आमचे हे कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवायचे आणि हे घरामागच्या खोलीत बसून त्यावर एकेक दात बसवायचे. हल्ली नजर साथ देत नाही म्हणून काम सोडलंय, पण आसपासची निम्मी म्हातारी माणसं अजून यांच्याच हातचे दात दाखवत हसतात. रस्त्यात कुणी भेटलं की हे आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग ओळख देतात. आमची पहिली भेट झाली तेव्हाही यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मी लाजून हसले, तेवढंच काय ते पाहिलं. घरी जाऊन आईला म्हणाले, "वरचे-खालचे दात अगदी एकावर एक बसतात तिचे." सासूबाईंनी हे मला लग्नानंतर सांगितलं. या माणसाचं प्रेम असं आडवाटेनेच येणार, हे मला तेव्हाच समजलं.

माझ्यानंतरचं प्रेम फटफट्यांवर. कधी कधी वाटतं, माझ्या आधीचं. त्यातही मोठ्या, दणदणीत गाड्या यांना नकोत. यांना हव्यात त्या बारक्या, पन्नास सीसीच्या, पेडल मारून सुरू करायच्या आणि चढ आला की खाली उतरून ढकलायच्या. कुणाच्या परसात एखादी गंजलेली गाडी दिसली, तिच्यावर कोंबड्या बसलेल्या असल्या, की यांच्या तोंडाला पाणी सुटतं. ते धूड घरी आणायचं, खिळा न खिळा सुटा करायचा आणि माझ्या अंगणात भंगाराचं दुकान मांडायचं. मागच्या खोलीत वरच्या फळीवर कवळ्या, खालच्या फळीवर कार्बोरेटर, असा आमचा संसार. दातांच्या कामाची बारीक हत्यारं घेऊन हे कार्बोरेटरची भोकं कोरत बसायचे. त्याच्या उलट कधी झालं नाही, असं मी धरून चालते. एकदा एका गाडीच्या मागच्या दिव्याची काच कुठेच मिळेना, तर यांनी साचा घेतला आणि कवळीच्या मसाल्यातून नवी काच ओतली. ती निघाली गुलाबी. ती गाडी कितीतरी दिवस मागे हिरडी दाखवत फिरत होती.

या वेडाला जोडीदार नसता तर एव्हाना उतरलंही असतं. पण दोन गल्ल्या सोडून ड्रायव्हर राहायचे. जन्मभर त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर एक जुनी, सायीच्या रंगाची, बारकी फटफटी घेतली. म्हणायचे, "वहिनी, आयुष्यभर पन्नास माणसं मी ओढली. आता ही पन्नास सीसी मला ओढेल." बायको लवकर गेली होती, घरात एक लेक. माणूस तोंडाने फाटका आणि मनाने साखर. यांना 'कवळ्या' म्हणून हाक मारायची टाप जगात एकट्या ड्रायव्हरचीच. मी त्यांना भाऊजी म्हणायचे.

दर रविवारी सकाळी यांची चौघांची स्वारी निघायची. हे, भाऊजी, आमच्या चौकातला न्हावी आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एक ग्रंथपाल बाई. जायचं कुठे, तर कुठेही नाही. गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायचं, कठड्यावर बसून एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायची आणि परत यायचं. पण नियम कडक. पहिला नियम असा, की सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे आणि तिला कुणी मागे टाकायचं नाही. त्यामुळे मान कायम भाऊजींचा. दुसरा नियम त्याहून कडक. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय पाना लावायचा नाही. कितीही हात शिवशिवले तरी नाही.

आणि यांचे हात तर फारच शिवशिवायचे. कारण भाऊजींच्या गाडीच्या मागच्या मडगार्डचा एक नट सैल होता. त्याचं भोक झिजून लांबट झालेलं, म्हणून गाडी चालू लागली की पत्रा वाजायचा. खडखड, खडखड आणि खड्डा आला की एक जोरात खण्ण. आमचे हे दोन दातांमध्ये केसाएवढी फट राहिली तरी रात्रभर तळमळणारे. त्यांना दर रविवारी त्या आवाजाच्या मागेमागे पुलापर्यंत जायचं आणि यायचं. परत आल्यावर हे न चुकता म्हणायचे, "अरे ड्रायव्हर, तो नट घट्ट करू का?"

भाऊजी गाडी स्टँडवर लावत म्हणायचे, "उद्या."

"मागच्या रविवारीही उद्याच म्हणालास."

"मग? आजही उद्याच म्हणतोय. शब्दाचा पक्का माणूस आहे मी."

मला मात्र तो खडखडाट सोयीचा होता. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की मी चहाचं आधण ठेवायचे. गाडी दारात लागेपर्यंत पाणी उकळलेलं असायचं.

मग एका सकाळी भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हे दवाखान्यात गेले, कॉटपाशी उभे राहिले, म्हणाले, "काय ड्रायव्हर?" भाऊजींनी यांच्याकडे पाहिलं, बसमध्ये शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हे घरी आले, हातपाय धुतले आणि थेट मागच्या खोलीत जाऊन बसले.

त्यानंतर हे भाऊजींकडे जाईनात. भाऊजी घरी आले, खिडकीपाशी खुर्चीत बसायला लागले, तरी हे नाहीत. मी जायचे. लेक कपड्यांच्या दुकानात कामाला होती, ती अर्ध्या दिवसाची रजा काढून काढून थकली होती. म्हणायची, "काकू, डॉक्टर म्हणतात बोलते राहा. पण बाबा कुणाकडे बघतच नाहीत हो. जेवण भरवलं तर जेवतात, नाही भरवलं तर नाही. काका का येत नाहीत?" मला मान खाली घालावी लागायची. घरी येऊन मी यांच्यावर तोंडसुख घ्यायचे. "जन्माचा मित्र खिडकीत मुकाट बसलाय आणि तुम्ही इथे नटबोल्टांशी गप्पा मारता! माणूस आहात की पकड?" पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एक दिवस बघते तर भाऊजींची गाडी आमच्या अंगणात. लेकीला विचारून हे ती ढकलत घेऊन आले होते.

"हे काय?" मी म्हटलं.

"नवी करतो तिला. नवी झाली की घेऊन जाईन त्याच्याकडे."

"अहो, भाऊजी आता गाडीवर बसणार आहेत का?"

"बसायला कोण म्हणतंय? बघायला," हे म्हणाले. मग हळूच म्हणाले, "रिकाम्या हाताने जाऊन काय बोलू मी त्याच्याशी?"

तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. मी इतके दिवस समजत होते की यांना मित्राची पर्वा नाही. हे नुसते घाबरले होते.

त्या गाडीसाठी यांनी जे केलं ते माझ्यासाठी कधी केलं नाही आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही. गंज घासून काढला. टाकीचा पोचा आतून ठोकून सपाट केला. सीटचं कातडं बदललं. रंगाचं तर विचारूच नका. तो जुना सायीचा रंग कुठल्याच दुकानात मिळेना, तेव्हा यांनी कवळ्यांच्या कामाची दातांच्या रंगांची पट्टी काढली. पिवळसर, राखाडी, दुधी, असे ओळीने दात लावलेली पट्टी असते ती. गाडीच्या खालच्या बाजूला जुना रंग जिथे शाबूत होता तिथे ती धरून हे उन्हात बसले आणि म्हणाले, "सिगारेट न ओढणारा, पन्नाशीचा माणूस." रंगवाला यांच्या तोंडाकडे बघतच राहिला, पण रंग अगदी तोच निघाला.

गाडी तयार झाली तेव्हा खरंच डोळ्यांत भरत होती. सकाळी हे ती चालवत भाऊजींकडे गेले, मी मागून चालत. लेकीने खुर्ची दाराशी आणली. यांनी गाडी समोर उभी केली, पुसली, पुन्हा सुरू केली. इंजिन अगदी मांजरासारखं गुरगुरत होतं. हे भाऊजींच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखे दिसत होते.

भाऊजींनी गाडीकडे पाहिलं. यांच्याकडे पाहिलं. आणि मान दुसरीकडे वळवली.

"बाबांना कुणाची तरी नवी गाडी वाटली बहुतेक," लेक घाईघाईने म्हणाली. "काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

यांनी मान हलवली. गाडी आमच्याच अंगणात राहू दे, असं लेक म्हणाली, गाडीच्या जागेत आता बाबांची कॉट होती. येताना हे गाडीवर बसले नाहीत. हाताने ढकलत आणली. घरी आल्यावर ताट पुढे सारलं आणि म्हणाले, "त्याने गाडीसुद्धा ओळखली नाही गं. मग मला काय ओळखणार?" मी नुसता यांच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे कितीतरी दिवस असेच गेले. गाडी उभी राहून बिघडू नये म्हणून सकाळी तिच्यावर एक चक्कर मारायचे, एवढंच. अशाच एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. मान वर केली तर हे स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"चहा नाही ठेवलास?"

माझंही डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. "तुम्ही आलात ते कळायला नको? भाऊजी यायचे तेव्हा ही गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की मी आधण ठेवायचे. आता चोरासारखी येते मेली!"

हे निघून जातील असं मला वाटलं. पण तिथेच उभे राहिले.

"काय म्हणालीस?"

"चोरासारखी येते म्हटलं."

"नाही. त्याच्या आधी."

"आधण ठेवायचे, म्हटलं."

हे उंबरठ्यावरच बसले. हातातल्या किल्लीकडे बघत होते. मग म्हणाले, "मी त्याला विचारलं नाही."

"कुणाला?"

"ड्रायव्हरला. लेकीला विचारलं, त्याला नाही. न विचारता पाना लावला. आणि सगळ्यात आधी काय केलं सांगू? तो नट आवळला. गाडी अंगणात आल्या आल्या. केवढी हौस होती मला त्याची!" यांनी किल्ली उंबरठ्यावर ठेवली. "दर रविवारी तो नको म्हणायचा आणि त्याची वाचा गेल्यावर मी घट्ट करून टाकला."

अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. पण आता त्यावर बोलून काय उपयोग? मी म्हटलं, "मग करा परत सैल. त्यात काय एवढं?"

त्यात बरंच काही होतं. सैल करणं हे घट्ट करण्यापेक्षा कठीण, हे मला त्या दिवशी कळलं. मडगार्डचं झिजलेलं भोक यांनी भरून घेतलं होतं, ते पुन्हा कानशीने लांबट करत बसले. आपणच केलेलं चांगलं काम आपल्याच हाताने बिघडवताना यांचं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. नशीब, हे कधी काही टाकून देत नाहीत. जुना नट आणि त्याच्याखालची पातळ झालेली चकती एका डब्यात सापडली, तुटक्या सुळ्यांच्या सोबतीला. ती बसवली आणि मला म्हणाले, "तू आत जा. नेहमीच्या जागी उभी राहा. मी गल्लीच्या तोंडापासून येतो."

मी ओट्यापाशी उभी राहिले. गाडी आली.

"हा?" बाहेरून विचारलं.

"छे, हा तर डबा आपटल्यासारखा."

पुन्हा पाना, पुन्हा फेरी. "हा?"

"हा भाऊजींचा नाही. हा दम्याच्या पेशंटचा."

शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. एक म्हातारा तीच ती गाडी गल्लीतून आणतोय आणि नेतोय आणि त्याची म्हातारी आतून ओरडतेय. त्यांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. किती फेऱ्या झाल्या ते मीही मोजलं नाही. शेवटी शेवटी कंटाळून मी कानही देईनाशी झाले होते, दुपारच्या भाजीचा विचार करत होते. आणि अचानक बघते तर माझ्या हातात पातेलं, नळ सुरू आणि मी चहाचं पाणी भरतेय.

बाहेरून हाक आली, "हा?"

पातेलं तसंच हातात घेऊन मी दारात गेले. यांनी ते पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी पुढे गेले. भाऊजी नेहमीसारखे खुर्चीत, चेहरा भिंतीकडे. लेक त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. मी बाजूच्या स्टुलावर बसले आणि उगीच हवापाण्याच्या गोष्टी करत राहिले. कान रस्त्याकडे होते.

खडखड, खडखड.

भाऊजींची मान हलली. लेकीचे हात बटणावरच थांबले. आवाज जवळ येत होता. त्यांच्या दारासमोरच्या खड्ड्यात चाक गेलं आणि खण्ण झालं. भाऊजींचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आला आणि त्याने दांडा घट्ट धरला. हळूहळू त्यांनी चेहरा भिंतीकडून दाराकडे वळवला. गाडी दिसायच्या आधीच वळवला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे आत आले. हातात पाना होता. भाऊजींच्या समोर जमिनीवर उकिडवे बसले. नेहमीच्या आवाजात बोलायचा प्रयत्न केला, पण तो काही नेहमीचा आवाज निघाला नाही.

"अरे ड्रायव्हर, तो नट फार वाजतोय. घट्ट करू का?"

भाऊजी यांच्याकडे बघत होते. अनोळखी माणसाकडे बघतात तसं नव्हे. त्यांचे ओठ हलले. हे जन्मभराच्या सवयीने त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि नकळत यांचेही ओठ तसेच हलायला लागले. आधी नुसता श्वास आला. मग घोगरा, अडकलेला 'उ' आला. जीभ वर जायला धडपडत होती, दातांना लागत होती, घसरत होती. कपाळावरची शीर फुगली.

"उ... द्या."

लेकीने तोंडावर हात दाबला. आजारी पडल्यापासून तिच्या बाबांचा हा पहिला शब्द होता.

"उद्या ना?" हे म्हणाले. "मागच्या रविवारीही उद्याच म्हणालास." यांनी भाऊजींच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. भाऊजींचा डावा हात दांड्यावरून सुटला आणि यांच्या टकलावर येऊन पडला. पडला म्हणजे अक्षरशः पडला, थोपटायची ताकद कुठून आणणार? मी खिडकीबाहेर बघत होते.

आता बरेच दिवस झाले. भाऊजी पूर्ण बरे झालेत असं मी म्हणणार नाही, होणारही नाहीत. 'पाणी' म्हणतात, 'नको' म्हणतात, लेकीला लहानपणीच्या नावाने हाक मारतात. परवा यांना 'कवळ्या' म्हणाले, तर हे घरी येऊन मला तीनतीनदा सांगत होते, बढती मिळाल्यासारखं. रविवारी लेक ती गाडी चालवते. सगळ्यात पुढे तीच असते, मागे बाकीचे तिघे आणि स्वारी पुलाकडे जाण्याआधी भाऊजींच्या खिडकीवरून जाते.

हे रोज सकाळी भाऊजींकडे जातात. आता रिकाम्या हाताने जायची भीती नाही, खिशात पाना असतो. गेल्या गेल्या विचारतात, "नट घट्ट करू का?" आणि भाऊजी म्हणतात, "उद्या." मग दोघांचा दिवस सुरू होतो.

काल हे निघाले तेव्हा मी चेष्टेने विचारलं, "आणि एखाद्या दिवशी भाऊजी हो म्हणाले तर? तुमची इतक्या वर्षांची इच्छा पुरी होईल."

यांनी खिशातला पाना काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या ओट्यावर ठेवला.

"पाना घरी राहिला, म्हणून सांगेन," हे म्हणाले आणि गेले.